झगेवाला, काळा कोट आणि पोहण्याचे मास्तर

सोमवार, ४ मार्च

झगेवाल्याचा, म्हणजे झगा उडवत जग वाचवणाऱ्या त्या नायकाच्या सिनेमाचा, चौथा भाग आज माझ्या टेबलावर येऊन आदळला. पहिले तीन मी केले म्हणून चौथाही मलाच, असा आमच्या मॅडमचा न्याय. एकदा गटार उपसलं की गल्लीतली सगळी गटारं तुमच्या नावावर.

वही नवी आहे, तेव्हा धंदा एकदाचा लिहून टाकतो. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी मी सिनेमाचं वर्णन लिहितो. दोन संवादांच्या मधे जी रिकामी जागा असते तिच्यात पडद्यावर काय चाललंय ते सांगायचं. स्टुडिओतला आवाजवाला ते वाचतो आणि प्रेक्षकाच्या कानात पोचवतो. नियम एकच: दिसतं तेवढंच सांगायचं. माणूस रडला तर ‘रडतो’ म्हणायचं. का रडतो ते ऐकणाऱ्याचं ऐकणारा समजून घेईल.

बऱ्या सिनेमाला हा नियम पुरतो. झगेवाल्याला लावला की त्याचं पितळ उघडं पडतं. आज दिवसभर मी काय लिहिलं? इमारत कोसळते. तो उठतो. दुसरी इमारत कोसळते. तो उठतो. मुखवटा काढतो. मुखवटा चढवतो. परत काढतो. हा मुखवटा सारखा का निघतो, तर आतल्या नटाचा चेहरा महाग आहे आणि तो झाकून ठेवणं निर्मात्याला परवडत नाही. चित्रं, धूर, आरडाओरडा बाजूला काढला की गोष्ट म्हणून हातात काय राहतं ते मला विचारा. मी रोज तेच वेचतो.

ताई पलीकडच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसलेली असते. ती ऑफिसची तपासनीस. लिहिलेलं आणि वाचलेलं सगळं ती ऐकते, आणि तिने होकार दिल्याशिवाय काही बाहेर जात नाही. काचबिंदूने तिचे डोळे गेले त्याला बरीच वर्षं झाली. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तिचं लग्न एकदा झालं, एकदा मोडलं, विषय संपला. तेव्हापासून आम्ही दोघं एका फ्लॅटमधे राहतो आणि आमचं छान चाललंय. माझे शर्ट तीच इस्त्री करते, आणि डोळस धोब्यापेक्षा बरे करते.

हिवाळ्यापासून तिने पोहायला शिकायचं खूळ घेतलंय. या वयात! जेवताना आज सारखं मास्तर असं म्हणाले, मास्तर तसं म्हणाले. मी ऑम्लेटमधे मीठ कमी आहे म्हणालो. ती म्हणाली, “मास्तर मीठ खातच नाहीत.”

गुरुवार, ७ मार्च

आज काळा कोट आला. हा खलनायक. त्याला जग नष्ट करायचंय. का, ते विचारायचं नाही. त्याला घर नाही, आई नाही, दुपारी भूक लागत नाही, गुडघा दुखत नाही. अंधारात उभा राहतो आणि हसतो. अरे, आमच्या इमारतीतला पंप बंद करणाऱ्या चिडक्या म्हाताऱ्यालासुद्धा काहीतरी कारण असतं! लिहिणाऱ्याला एवढंही सुचू नये? वाईट माणूस वाईट का झाला हे सांगायला अक्कल लागते, स्फोटाला फक्त पैसे लागतात.

फ्रीजवालीही आहेच. ही नायकाची मैत्रीण. हात लावेल ते गोठवते. पण शत्रू आला की गच्चीत उभी राहून किंचाळते, कारण झगेवाल्याने येऊन तिला वाचवायचं असतं. तिच्या अंगातली थंडी तिला शेवटच्या मारामारीतच आठवते.

हे सगळं मी ताईला घरी ऐकवत होतो. ती मटार सोलत होती. माझं संपल्यावर म्हणाली, “तुझं झालं असेल तर मला एक सांगायचंय.”

मास्तरांनी तिला विचारलंय. पोहण्याचा तलाव महिनाअखेर दुरुस्तीला बंद होतोय. मास्तर निवृत्त होऊन एका लहान गावी जाणार, तिथल्या तळ्यावर मुलांना पोहणं शिकवणार. ताईने सोबत यावं, लग्न करून किंवा न करता, तिला पटेल तसं. बायको जाऊन त्यांना पुष्कळ दिवस झालेत. साठीचा माणूस!

मला हसू आलं. मग ती हसत नाही हे लक्षात आलं.

“तू काय म्हणालीस?”

“विचार करते म्हणाले. शनिवारी तू तलावावर ये. मला त्यांचा आवाज माहीत आहे, हात माहीत आहे. चेहऱ्याचं तू सांग.”

मटारांचं भांडं माझ्या हातून लवंडलं. सगळे मटार मीच गोळा केले. ती नुसती बसून होती.

शनिवार, ९ मार्च

तलावावर गेलो. क्लोरीनच्या वासाने डोकं धरलं. भिंतीला लागून प्रेक्षकांचा बाक आहे, त्यावर ओल्या टॉवेलांच्या मधे बसलो.

मास्तर म्हणजे पोट. त्या पोटावर घट्ट निळा पोशाख, गळ्यात शिट्टी, डोक्यावर रबरी टोपी. अंगाला चिकटलेले कपडे घालून चारचौघांत हिंडणारा, आणि ते कामासाठी घालणारा, मला प्रत्यक्षात भेटलेला हा पहिलाच माणूस. ताई पाण्यात होती. तो कडेने चालत तिला काहीतरी सांगत होता. हातातल्या काठीने कठड्यावर टक टक करत होता, ती त्या आवाजाच्या रोखाने पोहत येत होती. ती टोकाला पोचली. त्याने काठी खाली ठेवली आणि एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, कारण लहान मुलांची पुढची तुकडी दाराशी येऊन गलका करत होती.

परत येताना ताईने विचारलं, “मग?”

मी म्हटलं, “त्याचं लक्ष सारखं घड्याळाकडे असतं.”

आता यात खोटं काय आहे? घड्याळाकडे त्याने पाहिलं. ‘सारखं’ हा शब्द माझा आहे, पण माणूस एकदा बघतो तसा तो नेहमी बघत असणारच. आणि म्हटलं की हसताना त्याचं तोंड एका बाजूला वाकडं होतं, त्यामुळे मनात एक आणि ओठांवर एक असं वाटतं. तोंड वाकडं होतंच. बहुतेक त्या बाजूच्या दाढा नाहीत.

ताई म्हणाली, “असं का.” आपलं कुणीतरी डोळे उघडे ठेवून बघतंय याचं तिला बरं वाटलं असणार.

मंगळवार, १२ मार्च

झगेवाल्याची आई आज मेली. अंगावर खांब पडतो, तो तिचा हात धरतो, आणि तिचे डोळे मिटतात न मिटतात तोच मागून त्याचा जाडा मित्र विनोद करतो. झगेवाला हसतो! आई अजून गरम आहे, आणि हा हसतो. वर्णनाला जागा मिळते ‘तो हात धरतो’ एवढीच. त्या माणसाला रडायलाही यांनी वेळ ठेवला नाही. वर याच भागात, तिसऱ्या भागात मेलेला भाऊ दार ठोठावून आत येतो. म्हणजे आईही पाचव्यात येणार. मरण म्हणजे यांच्याकडे जेवणाची सुट्टी. कुणी परत येणार नाही अशी भीतीच नसेल तर मी कशाला जीव मुठीत धरून बसू?

माझं डोकं फिरलं. मग मी एक काम केलं. काळा कोट एका खिडकीशी पाठमोरा उभा आहे असा एक लांबलचक तुकडा आहे. हलकं संगीत, बोलणं नाही. एवढी मोठी जागा मला अख्ख्या सिनेमात पुन्हा मिळणार नव्हती. मी लिहिलं: ‘तो खिशातून एका लहान मुलीचा चुरगळलेला फोटो काढतो, तिच्या कपाळावरची धूळ अंगठ्याने हळूच पुसतो, आणि क्षणभर त्याचे ओठ तिचं नाव घेतल्यासारखे हलतात.’

फोटो नाही. मुलगी नाही. पण असायला हवी होती. एका वाक्यात मी त्या बाहुल्याचा माणूस केला. लिहून झाल्यावर माझेच डोळे भरून आले. चार भाग लिहून कोट्यधीश झालेल्यांना जे जमलं नाही ते मी एका दुपारी केलं, आणि त्यांना पत्ताही लागणार नाही.

शुक्रवार, १५ मार्च

ताईने माझं काम नापास केलं. सख्ख्या बहिणीने!

तिच्या खोलीत बोलावून घेतलं. आवाजवाला बाजूलाच कॉफी पीत बसला होता, त्याच्यासमोर.

“खिडकीशी तो उभा आहे, तेव्हा त्याचे हात कुठे आहेत?” तिने विचारलं.

“खिशात.”

“दोन्ही?”

मी आवाजवाल्याकडे पाहिलं.

“मग फोटो कशाने काढला, दाताने?”

आवाजवाल्याला ठसका लागला.

“तुला काय माहीत फोटो नाही ते?” मी म्हटलं.

“संगीत इतकं हलकं आहे की त्याच्या कोटाचं चामडं करकरतंय ते ऐकू येतं. आणि चुरगळलेला कागद वाजत नाही?” मग जरा हळू म्हणाली, “अरे शहाण्या, मला कागदाच्या आवाजाचीही गरज नव्हती. तुझं वाक्यच सांगत होतं. तुला दिसत असतं तेव्हा तू दोन-तीन शब्दांत उरकतोस. रचायला लागलास की तुझं वाक्य लांबत जातं. लहानपणापासून तुझं असंच आहे.”

मी म्हटलं, सिनेमा भिकार आहे, मी त्यात जीव ओतला. ती म्हणाली, “भिकार असेल तर भिकार ऐकू दे आम्हाला. भिकार आहे हे ठरवायचा हक्क आम्हालाही आहे ना? तू सुधारून दिलास तर आमच्या वाट्याला सिनेमा नाही येत, तू येतोस.”

मॅडमने नंतर आत बोलावून माझी हजामत केली. पुन्हा असं झालं तर दुसरा माणूस बघू म्हणाली. मी मूग गिळून ऐकून घेतलं. ताईचा राग मास्तरांमुळे आहे, मला कळतंय. मनाविरुद्ध कुणी खरं सांगितलं की माणूस असाच कुठेतरी दुसरीकडे सूड काढतो.

रविवार, १७ मार्च

ती मला पुन्हा तलावावर घेऊन गेली. मला वाटलं होतं विषय मिटला.

आज बुडी मारायला शिकवणं होतं. ती आणि मास्तर दोघंही शिडीला धरून छातीभर पाण्यात उभी राहिली, मास्तरांनी तिच्या खांद्यावर बोटांनी ठोकलं, आणि दोघं एकदमच पाण्याखाली गेली. पाणी सपाट झालं, काही दिसेना. मी बाकावरून उठून कठड्यापर्यंत गेलो होतो. मग दोघं एकदमच वर आली. ताई खोकत होती आणि हसत होती. इतक्या मोठ्याने हसताना मी तिला बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. मास्तर नाक शिंकरत होते.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, “मी पाण्याखाली गेले तेव्हा मास्तरांचा चेहरा कसा होता?”

मी सांगितलं. म्हटलं, तू खाली गेलीस तसा तो बाकावर बसलेल्या बायकांकडे वळला, आणि एखादा जादूगार आपल्या पोपटाकडून काहीतरी करून घेतो आणि मग टाळ्यांसाठी थांबतो तसा, त्या वाकड्या तोंडाने, हसला.

“बायका किती होत्या?”

“दोघी-तिघी.”

“आणखी काही?”

“आणखी काय हवं? तुझं हसं करतोय तो. मी तुझ्या भल्याचंच सांगतोय.”

“असं का,” ती म्हणाली. काठी उघडली आणि माझा हात न धरता बसथांब्यापर्यंत गेली. वाटेतली पायरी बरोबर उतरली. मला जरा हायसं वाटलं, कारण एवढं ऐकल्यावर कुठलीही शहाणी बाई नाही म्हणेल.

गुरुवार, २१ मार्च

चौथा भाग संपवला. शेवट लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी मला हे सिनेमे थोर आहेत असं सांगायला आलं तर दाखवता येईल. आकाशातून निळा झोत येतो. तो का येतो, कुठून येतो, देव जाणे. झोत थांबवला नाही तर सगळं विश्व संपणार. सगळं विश्व! एक बोळ नाही, एक शाळा नाही, एक म्हातारी नाही. विश्वासाठी मी काय म्हणून हळहळू? माझी तिथे कुणाशी ओळख आहे? झगेवाला झोतात शिरतो आणि त्याच्या अंगात तोवर नसलेली एक शक्ती नेमकी त्याच क्षणी निघते. काळा कोट मरतो. कुणी विचारत नाही कोण होता, काय हवं होतं त्याला. नावं पडून गेल्यावर एक तुकडा येतो, त्यात पाचव्या भागातला नवा दुष्ट डोळे उघडतो. म्हणजे हा सिनेमा नव्हताच, पुढच्याची जाहिरात होती, आणि तिकीट आपण काढलं.

मी फोटो काढून टाकला होता. ‘काळा कोट खिडकीशी उभा आहे. हात खिशात.’ ताईने पास केलं.

संध्याकाळी इस्त्री करता करता ताई म्हणाली, “मी मास्तरांना हो म्हणाले.”

मी बरंच बोललो. डोळस माणसाचं ऐकायचं सोडून तू एका पोटल्या म्हाताऱ्याच्या नादी लागलीस, तो तुला तिथे नेऊन टाकेल, तुला तिथले रस्ते, दुकानं माहीत नाहीत, इथे तुझी नोकरी आहे, मी आहे. मी आहे हे मी दोनदा म्हणालो असेन.

तिने इस्त्री उभी करून ठेवली.

“रविवारी मी पाण्याखाली होते तेव्हा मास्तर माझ्या शेजारी पाण्याखाली होते. त्यांनी माझा दंड धरला होता. बाकावरच्या कुठल्या बायकांकडे बघून हसले ते?”

बाकावर बायकाच नव्हत्या. टॉवेल होते.

“तो काळा कोट,” ताई म्हणाली, “साधा रंगवलेला पुठ्ठा. त्याला तू मुलगी दिलीस, फोटो दिलास, हळहळायला वेळ दिलास. आणि हा जिवंत माणूस तुझ्यासमोर ओला होऊन उभा आहे, त्याने घड्याळ का बघितलं याचं साधं कारण तुला देववलं नाही? मला तुकडीचा गलका ऐकू येत होता रे.”

“मग मला नेलंस कशाला?” मी ओरडलो. “सगळं ठरलं होतं तर मला विचारत कशाला होतीस?”

“मास्तरांबद्दल माझं मनात आधीच ठरलं होतं,” ती म्हणाली. “तू मला जाऊ देशील का, ते मी बघत होते.”

मग तिने माझा शर्ट घडी करून खुर्चीवर ठेवला. कॉलर नीट बसली होती. मला तो उचलून फेकून द्यावासा वाटला आणि मी तो कपाटात ठेवला.

सोमवार, २५ मार्च

मॅडमला ताईने राजीनामा दिला. मॅडम तिला मिठी मारून रडली. मला विचारलं, तुमचं कसं होणार? मी म्हटलं, मला काय धाड भरलीय.

पाचवा भाग आला. उघडला नाही.

ताईची आवराआवर चालू आहे. तिचे कपडे ती हाताने ओळखून बांधते. मला मदतीला बोलावत नाही, आणि मी जात नाही. दुपारी स्वयंपाकघरात डब्यांवर ती बोटं फिरवत होती, मी दारात उभा होतो. तिला कळलं असणार. “साखर खालच्या फळीवर डावीकडे,” ती म्हणाली, “आणि तुला गॅस बंद केल्यावर एकदा बटण तपासायची सवय लागायला हवी.” मी म्हटलं, मी काही लहान नाही. खरं तर मला साखर कुठे असते ते आजच कळलं.

शनिवार, ३० मार्च

गेली.

सकाळी मास्तर भाड्याची गाडी घेऊन आले. मी खाली जाऊन सामान ठेवलं. त्यांनी मला “या साहेब” म्हटलं, मी “हं” म्हटलं. आज अंगावर साधा शर्ट होता, कॉलर मुडपलेली. आता तीही सरळ होईल.

ते फाटकापाशी गाडीत पेट्या लावत राहिले आणि मी ताईला आणायला वर गेलो. जिन्यावरून ती माझा कोपर धरून उतरली. तिला गरज नव्हती. इमारतीच्या दारातल्या पायऱ्यांवर आम्ही थांबलो. तिथून फाटकापर्यंत सरळ फरशी आहे. झाडलोट करणाऱ्याने फरशीच्या मधोमध बादली आणि फडकं टाकून ठेवलं होतं. मी सांगणार होतो. त्याआधी मास्तर गाडीकडून वळले, ताई दिसली, मग बादली दिसली. ते आले, बादली उचलली, आवाज होऊ नये म्हणून कडी हाताने धरून ती भिंतीशी ठेवली, आणि सरळ झाले. हाक मारली नाही, काही नाही. फरशीच्या कडेला उभे राहिले.

“का थांबलास?” ताईने विचारलं. “काय करतायत ते?”

“तुझ्या वाटेतली बादली बाजूला ठेवली.”

“आणि चेहरा?”

“इथून दिसत नाही.”

माझ्या कोपरावर तिने थोपटलं. “हे बरोबर सांगितलंस,” म्हणाली. “दिसत नसेल तर दिसत नाही म्हणायचं. एवढंच होतं रे.” आणि माझा हात सोडून पायऱ्या उतरून गेली.

चेहरा दिसत होता. ऊन स्वच्छ होतं, अंतर थोडं होतं, आणि ते तिच्याकडेच बघत होते. कसे बघत होते ते मला एका वाक्यात सांगता आलं असतं, छोट्या वाक्यात, आणि तिने ते पहिल्या फटक्यात पास केलं असतं. मी सांगितलं नाही.